दोन्ही टोकं सारखी

एसाविराच्या तटाला टेकून आमचं दुकान.
बा इथे अरारच्या लाकडाच्या पेट्या करायचा,
आता दारात बसतो. मी फळ्या दुरुस्त करते.
भिंतींना वास मात्र अजून त्याच्याच लाकडाचा,
माझं रेझिन त्याच्यापुढे टिकत नाही.

हिवाळ्यात येतात लाटांची माणसं.
त्यांच्या फळ्या लांब, पोटाशी फुगीर,
आत पावासारखा हलका फोम,
मधून लाकडाचा कणा, काडीएवढा.
पाण्यावर ठेवली की तरंगते,
तुम्हाला घेऊन तरंगते, तासभर, काहीच न घडता.
निम्मं काम तिचं तेच.
पाठीवर मेणाचे थर, त्यात रुतलेले
कुणाच्या तरी बरगड्यांचे, गुडघ्यांचे खळगे.
नाक किंचित उचललेलं, शेपटीला तीन पर.
कुठे जायचं ते तिला ठाऊक असतं: किनाऱ्याकडे.

एप्रिल उलटला की उत्तरेचा वारा सुटतो.
चहात वाळू, भुवईत वाळू, हिशेबाच्या वहीत वाळू.
मग पतंगवाले येतात.
त्यांची फळी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वाटलं,
कुणी कपाटाचं दार उचकटून आणलंय.
आखूड, सपाट, बोटाएवढी जाड,
मधे धरायला मूठ, पाय अडकवायला दोन पट्टे,
चार कोपऱ्यांना चार छोटे पर.
मी ती फिरवली. पुन्हा फिरवली.
“हिचं तोंड कुठलं?”
याझिद हसला. “तोंड नाहीच, तूदा.
जाताना हे टोक पुढे, येताना ते.
वळायची भानगड नाही.”

त्याचा धाकटा, ईदर, एका बिनवाऱ्याच्या सकाळी
तीच फळी घेऊन लाटांवर गेला.
पोटावर झोपला, आणि झोपला तसाच खाली गेला.
परत आला काखेत फळी, नाकात समुद्र:
“बुडते ही! पैसे परत माग!”

आणि विब्रेन, हॉलंडचा, उंच, सतत माफी मागणारा,
त्याने वडिलांची जुनी लाटेची फळी पतंगाला जोडली.
दोन दिवस बरी चालली.
तिसऱ्या दिवशी उडी मारून उतरला,
आणि मागच्या टाचेखाली ती मोडली, पापडासारखी.
मी त्याला सांगितलं ते माझ्या हातांना कळलेलं होतं:
लाट खालून उचलते, लेकराला उचलावं तशी.
वारा वरून ओढतो,
आणि ती सगळी ओढ तुझ्या टाचांतून
फळीच्या कडेवर येऊन उभी राहते.
म्हणून हिची कड बघ कशी धारेची.
पतंग म्हणतो चल. कड म्हणते नाही.
त्या भांडणातून तू पुढे जातोस.
“माफ करा,” विब्रेन म्हणाला, का कोण जाणे.

बाला यातलं काही पटत नसे.
“फोम घासतेस,” एवढंच म्हणायचा.

मग जुलैत एक फळी आली, खडकावर आपटलेली,
वरचं कवच सोललेलं, मोडलेली नव्हे,
पण पुन्हा पाण्यात जाण्यासारखीही नाही.
बा उठला. उठला म्हणजे
काठी न घेता उठला.
चिरेवर अंगठा फिरवला, नाक लावलं.
“लाकूड आहे!”
“हो.”
“आत लाकूड आहे, आणि तू मला बोलली नाहीस?”
पुन्हा वास घेतला. तोंड वाकडं केलं.
“घाईत वाढलेलं झाड.”

दोन दिवस ती त्याच्या मांडीवर होती.
पट्टे काढले, पर काढले, भोकांत
लिंबाच्या लाकडाच्या चकत्या बसवल्या,
पूर्वी पेट्यांच्या झाकणांवर बसवायचा तशा.
मग बिजागऱ्या शोधल्या,
आणि माझ्या रेझिनच्या डब्यांच्या कोनाड्याला
ती दार म्हणून लावली.
वर कुठलं, खाली कुठलं, विचारलं नाही.

कडी लावायची राहिलीय अजून.
वारा सुटला की ते दार
दुकानातून बाहेर पडायला बघतं,
आणि बा, बसल्या जागेवरून,
पाय लांब करून अडवतो.